यानाचा उंबरा

गुरुवारचा भाग संपल्यावर फोनवर आक्का म्हणाली, "छान होता गं," आणि हर्षदा बारबोले घाबरल्या.

बाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही दिसणार नाही. हर्षदाबाई 'तिसऱ्या चंद्राचे बिऱ्हाडकरू' ही विज्ञानमालिका लिहीत, तिचं दिग्दर्शन करत आणि वेळ पडली तर यानाच्या खिडकीबाहेर उभं राहून तारेही हलवत. अशा बाईला कुणी छान म्हटलं तर तिनं खूश व्हावं. पण आक्का, म्हणजे बार्शीला राहणारी त्यांची थोरली बहीण उज्ज्वला, हिनं आयुष्यात कशालाच छान म्हटलेलं नव्हतं. हर्षदाबाईंच्या लग्नाला ती 'उरकलं एकदाचं' म्हणाली होती. नातू झाला तेव्हा 'कान मोठे आहेत' म्हणाली होती. मालिका सुरू झाल्यापासून दर गुरुवारी, पडद्यावर नावं सरकत असतानाच तिचा फोन यायचा आणि त्यात तक्रारीशिवाय दुसरं काही नसायचं. कॅप्टनची बायको एकच साडी किती वर्षं नेसणार? परग्रहावरचे लोक हात न धुता जेवतात कसे? गुरुत्वाकर्षण नाही म्हणता, मग त्या बाईचं मंगळसूत्र खाली कसं लोंबतं?

हा शेवटचा प्रश्न इतका बिनतोड होता की पुढच्या भागापासून मंगळसूत्र तरंगायला लागलं. हर्षदाबाई चारचौघांत कबूल करत नसत, पण मालिकेतली त्यांची स्वतःची अर्धी गंमत त्या फोनात होती. लिहिताना त्या मनाशी म्हणत, इथं आक्का मला धरणार. आणि कधी कधी धरायला जागा मुद्दाम ठेवत.

आता फोन त्यांनीच करायचा आणि पलीकडून 'छान होता' ऐकायचं. मग दोघी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत. गुडघे संपले की फोन संपायचा.

हे सगळं 'अनुरूप'नं केलं होतं.

अनुरूप म्हणजे काही वेगळी पेटी नव्हती. नव्या टीव्हीच्या पोटातच ते असायचं. माणसाचं हृदय दर ठोक्याला चेहऱ्याकडे थोडं रक्त ढकलतं आणि गालाचा रंग किंचित बदलतो. इतका किंचित, की तीस वर्षं संसार केलेल्या बायकोलाही तो दिसत नाही. टीव्हीच्या चौकटीतल्या कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून तो नाडी मोजतो. डोळ्याची बाहुली किती मोठी झाली, पापणी किती वेळा लवली, नजर पडद्यावरून कधी ढळली, हेही टिपतो. या सगळ्याची बेरीज करून त्याला कळतं की समोरचा गृहस्थ रंगला आहे, कंटाळला आहे, का त्याला नुसतंच पित्त झालं आहे. पित्ताच्या बाबतीत अजून थोडी चूक व्हायची.

पुढचं काम त्याला याहून सोपं होतं. नटांचे चेहरे, आवाज, चालण्याच्या लकबी एकदा मोजून ठेवल्या की पुरे. वाहिनी घरोघर पाठवायची ते भागाचं नुसतं बियाणं. ते ज्याच्या त्याच्या टीव्हीत ज्याच्या त्याच्या आवडीनं रुजायचं. तुम्हाला रडायला आवडत असेल तर कॅप्टनची आई शेवटचा श्वास घ्यायची. शेजारच्या घरात ती त्याच वेळी थालीपीठ थापत असायची. मात्र यंत्राला एक गोष्ट आधी हातात लागायची, ती म्हणजे पुढे काय घडणार आहे हे. शेवट ठाऊक असेल तरच त्याला वाट वळवता यायची. जे अजून घडलेलंच नाही, त्यापुढे ते तुमच्याआमच्याइतकंच अडाणी होतं.

परिणाम असा झाला की भाग कुणाला आवडला नाही असं होईनासं झालं. दुसऱ्या दिवशी कचेरीत, भाजीच्या गाडीवर, बसथांब्यावर त्यावर बोलायची सोयही उरली नाही. एकाच्या भागात सेनापती फितूर झालेला, दुसऱ्याच्या भागात त्याचं लग्न ठरलेलं. बोलणार काय?

खुद्द आक्काच्या घरात तर पंचाईत झाली. दोन माणसं समोर बसली की अनुरूप दोघांच्या आवडीची सरासरी काढायचं. आक्काला युद्ध लागायचं आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना, गाणी. सरासरीत कॅप्टन शत्रूच्या आरमाराला उभ्यानं भावगीत म्हणून दाखवायचा. शेवटी दाजींनी दुसरा टीव्ही आणून आतल्या खोलीत लावला. आक्का बाहेर युद्ध बघायची, दाजी आत गाणी ऐकायचे आणि मग दोघं समोरासमोर बसून मुकाट्यानं जेवायची.

"भांडण नाही, तंटा नाही," दाजी एकदा हर्षदाबाईंना फोनवर म्हणाले. "घरात कसं लॉजवर उतरल्यासारखं वाटतंय."

*

मालिकेचं चित्रीकरण वाईजवळच्या एका जुन्या हळदीच्या गोदामात चालायचं. हळद जाऊन जमाना झाला होता, पण भिंतींतून आणि फरशीच्या फटींतून तिची पूड अजून झडत होती. पहिल्या वर्षी ती झाडून काढायचे प्रयत्न झाले. मग कलादिग्दर्शक लतीफभाई मुजावर म्हणाले, "ताई, हिच्याशी भांडू नका. ग्रहच पिवळा करा." तेव्हापासून तो पीतग्रह.

यानही लतीफभाईंनीच बांधलेलं. एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या भंगारातून त्यांनी ते उभं केलं होतं. बाहेरून ते पाहुण्यांना फार अद्ययावत वाटायचं आणि साखर कारखान्यात नोकरी केलेल्यांना फार ओळखीचं. आत चकचकीत पत्र्याची जमीन होती. सेट पूर्ण झाला त्या दिवशी सत्यनारायण कुठे घालायचा असा प्रश्न आला, तेव्हा अख्ख्या गोदामात तेवढीच जागा स्वच्छ निघाली. पूजा यानात झाली. साहजिकच सगळे चपला बाहेर काढून आत गेले. आणि एकदा जिथं चपला काढून गेलं, तिथं दुसऱ्या दिवशी चपला घालून कोण जाणार? शिवाय पत्र्यावर ओरखडे पडतात आणि हळद उठून दिसते, हेही होतंच. यानाच्या दाराशी कायम जोड्यांची रांग असायची. बाहेरचं दृश्य झालं की 'कट', मग नट बूट काढून आत, मग आतलं दृश्य कमरेच्या वर. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

वाहिनीचा तन्मय रेगे आला, तोही बूट काढूनच यानात शिरला. रेगे तिशीतला, गोड बोलणारा मुलगा. वाईट बातमी सांगायला वाहिनी त्यालाच पाठवायची.

"ताई, आता सगळ्यांची मोजमापं पूर्ण झाली," तो कॅप्टनच्या खुर्चीत बसत म्हणाला. "पिसाळकाकांचं खोकणंसुद्धा आलंय. पुढच्या महिन्यापासून चित्रीकरणाची गरजच नाही. तुम्ही वाईत येण्याचीही नाही. घरबसल्या बियाणं लिहायचं."

"आणि हे यान?"

"ते काय... उतरवायचं."

लतीफभाई कोपऱ्यात एक दिवा पुसत होते. ते पुसतच राहिले.

कॅप्टनचं काम करणारे गजानन पिसाळ म्हणाले, "माझं खोकणं घेतलंत ते बरं केलं. घरी कुणाला नकोच आहे."

हर्षदाबाईंनी यानाच्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "उतरवण्याआधी एक भाग मला थेट करू दे. घडतोय तसा, तेव्हाच्या तेव्हा घरोघर."

"थेट?" रेगेनं हा शब्द आजोबांच्या तोंडून ऐकल्यासारखा उच्चारला. "पण थेटमध्ये अनुरूपला काहीच करता येणार नाही. पुढचं त्याला माहीतच नसणार."

"हो ना," हर्षदाबाई म्हणाल्या.

"म्हणजे सगळ्यांना एकच भाग दिसेल."

"हो ना."

"आवडला नाही तर?"

"तर आवडणार नाही," हर्षदाबाई म्हणाल्या आणि आपल्याला फार दिवसांनी बरं वाटतंय हे त्यांच्या ध्यानात आलं.

रेगेनं वरच्यांशी बोलून परवानगी आणली. अट एकच होती. अनुरूपला भाग बदलता आला नाही तरी नजर मोजता येणार होती. भागभर लोकांची नजर पडद्यावर टिकली, तर चित्रीकरण चालू राहील. ढळली, तर दुसऱ्या दिवशी लतीफभाईंनी पान्हा घेऊन यान खोलायला लागायचं.

हर्षदाबाईंनी बार्शीला फोन लावला.

"आक्का, या गुरुवारी दोन टीव्ही नको लावूस. दोन्हीकडे एकच दिसणार आहे."

"मग ह्यांची गाणी?"

"गाणी नाहीत."

"आणि युद्ध?"

"युद्धही नाही."

"मग आहे तरी काय?"

"जे असेल ते."

"बघू," आक्का म्हणाली. "जमलं तर."

*

गोष्ट साधी होती. पीतग्रहावरची हवा संपत आली आहे. कॅप्टन आणि त्याचा परग्रही मित्र, जो चार पायांचा आहे, धावत यानाशी येतात, आत शिरतात, तांबडा दांडा ओढतात आणि सुटतात. लतीफभाईंनी कॅमेऱ्यासाठी लांब रूळ टाकला, म्हणजे मैदानापासून यानाच्या आतपर्यंत न थांबता सगळं एका दमात दिसावं, डोक्यापासून पायापर्यंत. चार पायांच्या मित्राच्या सोंगात दोन माणसं होती. पुढच्याला बघायला दोन भोकं होती. मागच्याला विश्वास ठेवण्याशिवाय काही साधन नव्हतं.

तालमी भरपूर झाल्या. रेगेनं बघितल्या, लतीफभाईंनी बघितल्या, हर्षदाबाईंनी डोळ्यांत तेल घालून बघितल्या. चूक कुणालाच दिसली नाही. दिसणार कशी? बघणाऱ्या सगळ्यांच्या चपला त्याच दाराबाहेर होत्या.

गुरुवारी आठ वाजता भाग सुरू झाला. हर्षदाबाई यानामागच्या खोलीत पडद्यांपुढे बसल्या. शेजारी रेगे. त्याच्यापुढे दुसरा पडदा, त्यावर एक हिरवी रेष. महाराष्ट्रात जितके डोळे टीव्हीकडे लागलेले, तितकी रेष उंच.

सुरुवात उत्तम झाली. पिसाळ छान धापा टाकत होते, त्यातल्या बऱ्याचशा खऱ्या होत्या. वारा सुटला, हळद उडाली, भोंगा वाजू लागला. यानातून बाईचा यांत्रिक आवाज आला : "प्राणवायू संपत आला आहे. प्राणवायू संपत आला आहे." कॅप्टन मित्राला ओढत धावत सुटला. हिरवी रेष वर चढत होती. रेगे पुढे सरसावून बसला.

कॅप्टन यानाच्या दाराशी पोचला, थांबला, आणि खाली वाकून बूट काढू लागला.

खोलीत कुणाला काही कळलंच नाही. हर्षदाबाईंना वाटलं, सगळं बरोबर चाललंय. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं.

"हे काय करतायत?" रेगे म्हणाला.

"बूट काढतायत," हर्षदाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या.

"प्राणवायू संपत आला आहे," यानातली बाई म्हणाली.

उजवा बूट निघाला. डावा निघेना. पिसाळांना त्या अंगठ्याला संधिवात होता. त्यांनी एका हातानं यानाला टेकून ओढून पाहिलं, मग सरळ उंबऱ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी बूट उपसला. मोज्याला भोक होतं. त्या भोकातून कॅप्टनचा अंगठा, हळदीनं पिवळा झालेला, अवघ्या महाराष्ट्राला दिसला. मग त्यांनी दोन्ही बूट नीट शेजारी शेजारी लावले. टाचा भिंतीकडे.

पाठोपाठ मित्र आला. पुढच्या दोन पायांनी टाचेनं टाच दाबून बूट काढले आणि ते आत गेले. मागच्या माणसाला बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, पण पायाला उंबरा लागला हे त्याला कळलं. तोही थांबला. त्यानंही बूट काढले.

"प्राणवायू संपत आला आहे," बाईनं पुन्हा सांगितलं. तिचं कुणी ऐकत नव्हतं.

रेगेनं डोक्याला हात लावला. त्याच्या पडद्यावरची हिरवी रेष धाडकन कोसळली होती. "गेलं," तो म्हणाला. "ताई, सगळं गेलं. एका झटक्यात निम्म्या लोकांनी नजर काढली."

आत कॅप्टननं दांडा ओढला आणि ठरलेलं वाक्य म्हटलं : "दार लावा. आता हेच आपलं घर." लिहिताना हे वाक्य हर्षदाबाईंना जरा फिकंच वाटलं होतं. आज मोज्यातल्या अंगठ्यानिशी ते अगदी बरोबर बसलं.

दार लागलं. लतीफभाईंच्या धुरात यान वर गेलं. आणि मेलेल्या ग्रहाच्या पिवळ्या धुळीत एका ओळीत सहा बूट उरले. कॅमेरा त्यांच्यावरच थांबला. हलवा म्हणून सांगायला हर्षदाबाईंना सुचलं नाही.

नावं सरकू लागली. पिसाळ भोकाचा मोजा घालून खोलीत आले. चेहरा पांढरा पडलेला.

"ताई, मी बूट काढले का हो?"

"काढलेत."

"मला वाटलं, काढले असतील."

"मीही काढले असते, पिसाळ," हर्षदाबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

*

"हर्षे," आक्का म्हणाली. नमस्कार नाही, गुडघे नाहीत. "बूट काढले ते बरोबर केलं त्यानं. तसली घाण घरात कशाला? पण पाय न धुता आत गेला, ते नाही पटलं मला."

हर्षदाबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. "आक्का, तिथं पाणी कुठून येणार?"

"यानात पाणी नाही? मग ही माणसं इतकी वर्षं पितात काय?"

मागून दाजींचा आवाज आला. "अगं, हवा संपली होती. माणूस पाय धुवत बसंल का?"

"बूट काढायला वेळ होता ना? मग तांब्याभर पाण्याला काय झालं होतं? तुम्ही मधे बोलू नका. आणि काय गं, नवेकोरे बूट तिथंच टाकून निघून गेले? सहा?"

"त्यांना कोण नेतंय?" दाजी म्हणाले. "ग्रह मेलाय."

"मेला असला म्हणून काय झालं? हवा नाही म्हणजे गंजायचे नाहीत, कुजायचे नाहीत. जसेच्या तसे राहतील. परत जाऊन आणायला पाहिजेत. आणि त्या कॅप्टनच्या बायकोला म्हणावं, मोजा शिव. साडीवरनं वेळ मिळाला तर."

"आक्का," हर्षदाबाई म्हणाल्या, "दाजी बाहेरच्या खोलीत कसे?"

"मग कुठं असणार? एकच दिसतंय म्हटल्यावर दुसरा टीव्ही कशाला जाळायचा? मघापासून डोकं खातायत. बुटापासून बोलणं सुरू झालंय आमचं. मी ह्यांच्याकडं बघते, हे माझ्याकडं बघतात, टीव्हीकडं लक्षच नाही धड. तो चार पायांचा आत कसा गेला, तेही ह्यांनी सांगितलं मला."

हर्षदाबाईंनी फोन तसाच धरून रेगेकडे मान वळवली. "तन्मय, ती नजर पडद्यावरून निघाली, ती गेली कुठं, हे तुझं यंत्र सांगतं का?"

"कुठं म्हणजे? पडद्यावर नाही एवढंच आम्ही मोजतो." तरी त्यानं दोनचार बटणं दाबली. मग आणखी दाबली.

"एकटी माणसं पडद्यावरच आहेत," तो सावकाश म्हणाला. "जिथं दोघं-तिघं बसलीयत तिथंच नजर गेलीय. आडवी. डावीकडच्याची उजवीकडे, उजवीकडच्याची डावीकडे." त्यानं बोट रेषेवर फिरवलं. "परत पडद्यावर आलीय. परत गेलीय. परत आलीय. ताई, हे असं कधी दिसलंच नव्हतं. आम्ही याला कंटाळा म्हणतो."

"एकमेकांकडे बघतायत रे ती," पिसाळ म्हणाले. "बुटांबद्दल काहीतरी बोलायला."

रेगे काही म्हणणार, तोच त्याचाही फोन वाजला. नाव बघून तो दचकला. "आईचा आहे," तो म्हणाला. "ती कधी फोन करत नाही भाग संपल्यावर." त्यानं कानाला लावला. "हां आई. हो, मीच होतो तिथं. नाही गं, मुद्दाम नाही... हो, टाचा भिंतीकडे लावले. अगं, मी कसा सांगणार त्यांना, मोजा त्यांचा आहे." तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. दाराबाहेरून त्याचं हसणं ऐकू येत होतं.

आत आला तेव्हा त्यानं पहिल्यांदा आपला पडदा बंद केला. "अटीप्रमाणे नजर ढळलीय," तो म्हणाला. "पण ती कुठं ढळायला हवी, हे अटीत नव्हतं. मी वर जाऊन बोलतो. निदान ते मोजून होईस्तोवर तरी यान उतरवता येणार नाही. आणि हे मोजायचं म्हणजे..." त्यानं हिशेब करायचा प्रयत्न केला. "म्हणजे तुम्हाला दर गुरुवारी थेटच करावं लागेल."

"हर्षे, आहेस का?" फोनमधून आक्का विचारत होती. "मी काय म्हणते, त्या बाईला प्राणवायू संपलाय, प्राणवायू संपलाय, एवढं दहादा सांगायची काय गरज? कानात दडे बसलेत का त्यांच्या?"

"आहे आक्का," हर्षदाबाई म्हणाल्या आणि खुर्चीत आरामात मागे टेकल्या. "बोल. एकेक सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिसाळ चहा प्यायला गोदामात आले, तर यानाच्या दाराशी ठोकाठोक चालली होती. त्यांनी सवयीनं चपला काढल्या आणि वाकून बघितलं. लतीफभाई पान्हा घेऊन उंबऱ्याजवळ पाण्याचा नळ बसवत होते.